घोडीचे दात मी एकदाच बघितले होते



एरवी मी इथे भात, वाल, काकडी, गवत आणि उल्हास नदीचं पाणी याबद्दल लिहितो. आज घोडीबद्दल लिहितोय. लिखाण जरा लांब झालंय, पण ज्याच्या दारात घोडा किंवा शिंगरू बांधलेलं आहे त्याने शेवटपर्यंत वाचा. ज्याच्याकडे नाही त्याने ओळखीच्या घोडेवाल्याला वाचून दाखवा. बैलवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, मधे त्यांचाही विषय येतो.

परवा पाखरीचे दात तपासून झाले. पाखरी म्हणजे आमची लग्नाची घोडी. वर्षभरातली ही तिसरी तपासणी. पहिली गेल्या वर्षी माघात झाली होती, आणि ती काही मी शहाणपणाने केलेली नव्हती, वेळ आली म्हणून झाली. त्या दिवशी जे बघितलं ते लिहायचं वर्षभर टाळत होतो, कारण त्यात चूक माझी आहे.

आमचं जांभूळ उल्हासनगरपासून लांब नाही. तिकडे सिंधी लोकांची लग्नं पुष्कळ, आणि नवरदेव घोडीवर बसल्याशिवाय वरात हलत नाही. अंबरनाथ-बदलापूरलाही आता घोडीची मागणी असते. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो. भात झोडून झालेलं असतं, वाल पेरलेला असतो, हातात चार पैसे हवे असतात. ते पाखरी आणते.

गेल्या वर्षीच्या माघात अशीच एक वरात होती. नवरदेव वर बसलेला, त्याच्या पुढे पाच-सहा वर्षांचं पोरगं बसवलेलं. बँड पाखरीला नवा नाही, फटाकेही नाहीत. पण त्या दिवशी ती सारखी मान झटकत होती. मी लगाम खेचला की जास्तच झटकायची. एका वळणावर तिने मान इतकी जोरात वर टाकली की पुढचं पोरगं एका बाजूला कलंडलं. नवरदेवाने त्याला धरलं म्हणून वाचलं. लोक ओरडायला लागले. मला लाज वाटली, राग आला, आणि मी लगामाच्या टोकाने घोडीच्या तोंडावर दोन फटके दिले. वर तोंडावरची पट्टी अजून एक भोक आवळली. घरी येईपर्यंत तिच्या तोंडातून लाळ गळत होती. लाळेत थोडं लाल होतं. मला वाटलं, लगाम लागला असेल.

आता मागचं सांगतो. दिवाळीपासून ती उतरत चालली होती. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. गव्हाण साफ करताना गवताचे ओले बोळे सापडायचे. सुपारीएवढे, कधी लिंबाएवढे, अर्धवट चावून टाकून दिलेले. मी ते झाडून उकिरड्यावर टाकत होतो. पाणी प्यायला गेली की तोंड घालायची आणि मान वाकडी करून थांबायची. चण्याचा भरडा दिला की अर्धा खाली सांडायचा. लिदीत अख्खे दाणे दिसायचे.

हे सगळं मी बघत होतो आणि प्रत्येकाला एक कारण काढत होतो. उतरली म्हणजे जंत असतील, म्हणून जंताचं औषध दिलं. तरी उतरतेय म्हणून खुराक वाढवला. बोळे टाकते म्हणजे गवत आवडत नसेल. आई म्हणाली, "नजर लागलेय तिला, एवढी नटवून लोकांत नेतोस. मीठ-मोहऱ्या उतरव." तेही केलं. बायको म्हणाली, "म्हातारी झाली असेल, विकून टाका पावसाआधी." तिचंही चूक नव्हतं. घोडीचा खर्च ती बघत होती. तोंड उघडून बघू, असं मात्र घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

वरातीनंतर दोन दिवसांनी डॉक्टर आले. ते घोड्यांचंच काम करतात, ओळखीतून मिळाले. त्यांनी आधी घोडीला हातही लावला नाही. लीद उचलली, बोटांनी चोळली, त्यातल्या काड्या मला दाखवल्या. बोटाच्या पेराएवढ्या लांब काड्या, जशा गिळल्या तशा बाहेर. मग विचारलं, "दात शेवटचे कधी तपासले?"

मी म्हटलं, "घेतली तेव्हा."

"त्याला किती वर्षं झाली?"

"पाच."

ते काही बोलले नाहीत. घोडीच्या गालावर, बाहेरून, दाढांच्या रेषेवर अंगठ्याने हलकं दाबलं. पाखरी मागे सरकली. वरातीत जशी मान टाकली होती तशीच मान टाकली. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत तिने मान खाली सोडली. डॉक्टरांनी तोंड उघडं ठेवायची लोखंडी चौकट बसवली, पिचकारीने तोंड धुतलं, कपाळावर बॅटरी बांधली आणि मला जवळ बोलावलं. घोड्याच्या तोंडात इतकं आत मी जन्मात बघितलं नव्हतं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला, गालाकडे, विळ्यासारखी धार आली होती. सगळ्यात पुढच्या वरच्या दाढेला आकड्यासारखं टोक वाढून खाली आलं होतं. दोन्ही गालांना आतून जखमा. एक जुनी, कडा पांढऱ्या पडलेली. एक ताजी. ताजी कुठली ते मला सांगावं लागलं नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. लग्नात आपण घोडीला नेहमीची साधी म्होरकी घालत नाही. मण्यांची, आरशांची, जड आणि आवळून बसणारी घालतो. ती पट्टी बाहेरून गाल दाबते. आतून दाढेची धार. मधे गालाचं कातडं. त्यात लगाम खेचला की तेच कातडं मागे धारेवर घासलं जातं. म्हणून ती घरी शांत आणि वरातीत "नाठाळ". मी पट्टी एक भोक आवळली तेव्हा तिच्या तोंडात काय झालं असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता हे का होतं ते लिहितो, कारण हे मला पन्नाशीच्या जवळ आल्यावर कळलं आणि तुम्हाला आज कळलेलं बरं.

माणसाचा दात एकदा आला की आला. घोड्याचा दात तसा नाही. त्याची दाढ तरुणपणी हाताच्या बोटाएवढी लांब असते आणि त्यातली बरीचशी हिरडीच्या आत, जबड्यात असते. ती वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर अशी आयुष्यभर वर सरकत राहते. घोडा गवत चावतो, गवतातली सिलिका आणि धूळ-माती दाढ झिजवते, आणि जेवढी झिजते तेवढी खालून वर येते. निसर्गाचा हिशेब बरोबर आहे. पण एक अडचण आहे. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. दोन्ही दाढा एकमेकींवर पुऱ्या बसत नाहीत. वरच्या दाढेची बाहेरची कड आणि खालच्या दाढेची आतली कड तेवढी घासली जात नाही. जिथे घासणी नाही तिथे धार येते. वर गालाकडे, खाली जिभेकडे.

घोडा मोकळा चरत असेल तर दिवसाचे चौदा-सोळा तास तोंड चालू असतं आणि जबडा आडवा, लांब फिरतो. त्यामुळे धार कमी येते. आपण त्याला बांधतो, दोन वेळा पेंढा आणि एक-दोन वेळा दाणा देतो. एक किलो सुकं गवत चावायला घोड्याला अर्धा-पाऊण तास लागतो. एक किलो दाणा तो दहा-पंधरा मिनिटांत संपवतो, आणि दाणा चावताना जबडा आडवा पुरा फिरत नाही, वर-खालीच जास्त होतो. म्हणजे आपण खुराक जितका वाढवू आणि गवत जितकं कमी करू तितक्या कडा जास्त राहणार. घोडी उतरली म्हणून मी दाणा वाढवला होता. रोगाला खतपाणी घातलं.

आपण बैलवाले लोक. बैलाचं बघून घोड्याचं ठरवतो, तिथेच फसतो. बैल घाईने गिळला तरी नंतर बसून रवंथ करतो. त्याला दुसरी संधी आहे. घोड्याला रवंथ नाही. एकदा गिळलं ते गिळलं, आणि त्याला उलटीही करता येत नाही. नीट न चावलेला चारा पुढे मोठ्या आतड्यात अडकून बसतो. नळीत अडकला तर नाकातून चारा-पाणी येतं. आतड्यात अडकला तर पोटशूळ. घोडेवाल्याला पोटशूळ काय असतो ते सांगायला नको.

इथे मला माझ्या बाबांचा घोडा आठवतो. बाबा बदलापूर स्टेशनला टांगा चालवायचे. रिक्षा आल्यावर धंदा बसला, पण घोडा त्यांनी शेवटपर्यंत विकला नाही. त्याच्या शेवटच्या वर्षात तोही असेच बोळे टाकायचा. मी शाळेत होतो. ते सुकलेले बोळे आम्ही पोरं एकमेकांना फेकून मारायचो. बाबा त्याला गूळ-चणे चारायचे, रात्री उठून बघायचे. एका पावसाळ्यात तो पोटाने पडला. रात्रभर लोळत, घामाने भिजून, पोटाकडे वळून बघत राहिला. सकाळी गेला. बाबांनी नंतर टांग्याची चाकं विकली आणि घोड्याचं नाव पुन्हा काढलं नाही. तो दातांमुळेच गेला असं आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण डॉक्टरांनी पाखरीच्या गव्हाणीतला बोळा उचलून "हे किती दिवसांपासून?" असं विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पाखरी नव्हती.

आता दात बघण्याबद्दल. आपल्याकडे जनावर घेताना दात बघत नाही असा शेतकरी नाही. शर्यतीच्या बैलाला तर दातांवरूनच नाव आहे. आदत, दुसा, चौसा. "धर्माची गाय अन् दात का नाय" ही म्हण आपल्याच लोकांनी केली. घोड्याचंही तसंच. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे एकदा फिरून या. प्रत्येक गिऱ्हाईक घोड्याचा ओठ वर करून बघताना दिसेल. मीही पाखरी घेताना असाच बघितला होता.

पण काय बघतो आपण? पुढचे दात. वय काढायला ते ठीक. घोड्याचे मधले दोन पक्के दात साधारण अडीच वर्षांनी येतात, त्याच्या बाजूचे साडेतीन, कोपऱ्यातले साडेचार. पाचव्या वर्षी तोंड पुरं जुळतं. पुढे दातावरचे काळे खळगे झिजत जातात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीजवळ एक उभी खाच दिसायला लागते, पंधराव्याला ती अर्ध्यावर येते, विसाव्याला खालपर्यंत पोचते. हा अंदाज आहे, चाऱ्याप्रमाणे एक-दोन वर्षं इकडे-तिकडे होतं. त्यातही म्हाताऱ्या घोड्याच्या दातात खळगे कोरून, काळे करून तो तरुण म्हणून विकायची चलाखी जगभर जुनी आहे.

घोडीला साधारण ३६ दात असतात, घोड्याला सुळ्यांसकट ४०. त्यातले पुढचे १२. बाकीच्या २४ दाढा आत, पार डोळ्याच्या खालपर्यंत गेलेल्या. घोडा जगतो त्या २४ दाढांवर. आपण ओठ वर करून बघतो ते १२. तेही घेतो त्या दिवशी. नंतर नाल बघतो, खूर बघतो, पाठ बघतो, अंगाला खरारा करतो. तोंडात लगाम घालायला मात्र रोज हात जातो आणि तो लगेच बाहेर येतो.

पाखरीचं काम साधारण तासभर चाललं. लांब दांड्याची कानस घेऊन डॉक्टरांनी धारा उतरवल्या, आकडा कमी केला. मी विचारलं, "सगळी दाढच गुळगुळीत करून टाका ना, परत त्रास नको." त्यांनी मान हलवली. म्हणाले, जातं बघितलंय ना? जात्याची तळी गुळगुळीत झाली की दळण होत नाही, मग आपण टाकी लावून घेतो. घोड्याची दाढ तशीच. तिच्यात कठीण आणि मऊ थर आलटून पालटून असतात, मऊ आधी झिजतो, कठीण वर राहतो, म्हणून ती खरखरीत राहते. ती खरखर काढली तर घोडा चावणार कशाने? म्हणून फक्त धार काढायची, तळी ठेवायची. आकडाही एकदम सगळा कापायचा नाही, आत जिवंत भाग असतो. थोडा आता, थोडा सहा महिन्यांनी. म्हणूनच तिची दुसरी तपासणी श्रावणात झाली आणि तिसरी परवा.

ही गोष्ट मुद्दाम लिहिली, कारण काही ठिकाणी घोडेवाला स्वतःच लोहाराची कानस घेऊन घोड्याला दोरीने जखडून दात घासतो. तसं करू नका. गुंगी न देता घोडा झटका मारतो, जीभ फाटते, दात फुटतो, माणसाचा हातही जातो. गुंगीचं औषध नोंदणी असलेल्या पशुवैद्यकानेच द्यायचं असतं. आणि तोंडात जखम असेल तर धनुर्वाताच्या लसीचंही विचारून घ्या, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

अजून एक जुनी खोड. तीन-चार वर्षांच्या घोड्याची वरच्या पुढच्या दातांमागची टाळू फुगलेली दिसते. तो खायला कुरकुरतो. मग कुणीतरी सांगतं, टाळूला डाग द्या. लाल सळई लावतात. अरे, त्या वयात त्याचे दुधाचे दात पडून पक्के येत असतात, टाळू थोडी फुगणारच. आपल्या पोरांचे दात येताना आपण डाग देतो का? तिथे बघायचं असतं ते वेगळंच. दुधाच्या दाढेची टोपी पक्क्या दाढेवर अडकून राहिलीय का ते. पहिल्या दाढेपुढे कधी कधी एक छोटा फालतू दात येतो, तिथेच लगाम टेकतो. नवीन शिंगरू लगाम घेत नसेल तर मारायच्या आधी तो दात बघून घ्या.

माथेरान इथून काही लांब नाही. गाड्या दस्तुरीला थांबतात आणि पुढे माणसं-सामान नेण्याचं मोठं काम आजही घोड्यांवर आहे. नेरळ-कर्जत भागात त्यामुळे घोडा पाळणारी घरं खूप. लगामावर दिवसभर काम करणाऱ्या घोड्याचे दात हे त्या घरांचं पोट आहे. त्यातल्या माझ्या ओळखीच्या एकाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमचा एक चढाला डावीकडे वळतच नाही, आम्ही त्याला अडेल म्हणतो." मी म्हटलं, आधी डाव्या बाजूच्या दाढा बघून घे, मग अडेल म्हण. काटेरी लगामाने घोडा वळतो असं काहींना वाटतं. एक तर १९६५ च्या नियमांप्रमाणे काटेरी लगामाला बंदी आहे. दुसरं, दुखणाऱ्या तोंडात अजून दुखणं घालून घोडा शहाणा होत नाही, फक्त घाबरतो.

आता चाऱ्याचं, कारण ते आपल्या हातात आहे.

आपल्याकडे घोड्यालाही भाताचा पेंढा घालतात. पेंढ्यात सिलिका भरपूर, कोरड्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, आणि पोषण कमी. तो मी पूर्ण बंद केलेला नाही, पण मुख्य चारा आता सुकं गवत. त्यात एक पथ्य पाळतो. आपल्या माळावर कुसळी गवत खूप. त्याला कुसळं धरल्यावर कापलं की ती कुसळं सुकून हिरडीत, जिभेखाली, ओठाच्या आत रुततात. त्यातून जखम होते, पू होतो. पाखरीच्या ओठाच्या आतही दोन निघाली. म्हणून माळ आता कुसळं धरायच्या आधी, फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापतो. तेव्हा गवतात सत्त्वही जास्त असतं. पाऊस लांबला तर वाळवायला त्रास होतो, तरी चालेल. मारवेल आणि पवन्याचा पट्टा वेगळा राखलाय, तो घोडीचा.

दाणा भिजवून, भरडून, थोडा थोडा. आधी गवत, मग दाणा. गव्हाण खाली, जवळपास जमिनीच्या पातळीला केली. घोडा मान खाली करून खातो तेव्हा खालचा जबडा किंचित पुढे येतो, चरताना येतो तसा, आणि दाढा नीट बसतात. उंच टांगलेल्या जाळीतून गवत दिलेलं बघायला छान वाटतं, पण घोडा जमिनीवरच चरणारं जनावर आहे.

आता मी काय करतो ते थोडक्यात लिहून ठेवतो. वही असेल तर उतरवून घ्या.

१. वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून तोंडाची पूर्ण तपासणी. आमची दिवाळीआधी, सीझन सुरू व्हायच्या अगोदर ठरवली आहे. अडीच ते पाच वर्षांचं जनावर, पंधराच्या पुढचं जनावर किंवा आधी दोष निघालेलं जनावर असेल तर दर सहा महिन्यांनी.

२. रोज गव्हाण साफ करताना बोळे बघायचे. एक बोळा दिसला तरी वहीत तारीख टाकायची.

३. आठवड्यातून एकदा लीद चोळून बघायची. लांब काड्या किंवा अख्खे दाणे दिसले तर दातांकडे बोट जातं.

४. गालावर बाहेरून अंगठ्याने हलका हात फिरवायचा, दोन्ही बाजूंना. कुठे मागे सरकते, ते लक्षात ठेवायचं. तोंडात हात घालायचा नाही. दाढेखाली बोट सापडलं तर राहत नाही.

५. तोंडाला घाण वास, एकाच नाकपुडीतून वास मारणारा शेंबूड, एका बाजूने चावणं, पाणी पिताना अडखळणं, मान झटकणं, लगाम न घेणं. यातलं काही दिसलं तर वर्षाची वाट बघायची नाही. वरच्या मागच्या दाढांची मुळं नाकाच्या बाजूच्या पोकळीला लागून असतात. दाढ सडली तर पू नाकातून येतो, आणि आपण सर्दीचं औषध देत बसतो.

६. लग्नाची म्होरकी दोन बोटं सहज जातील इतकी सैल.

डॉक्टर कुठे मिळणार, हा प्रश्न येणारच. आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. १९६२ या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. सगळ्यांकडे घोड्याचं तोंड उघडायची चौकट आणि कानस असेलच असं नाही, पण कुणाकडे आहे ते त्यांना माहीत असतं. परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईच्या घोड्यांची पिढ्यान् पिढ्या तिथे ये-जा आहे. आणि एकट्याने बोलवायला खर्च जड वाटत असेल तर चार घोडेवाल्यांनी मिळून एक दिवस ठरवा. परवा आमच्याकडे तसंच केलं. अंबरनाथ आणि बदलापूरकडून मिळून पाच घोडे आले. पाचातल्या चारांच्या गालाला जखमा निघाल्या. चौघांचेही मालक म्हणत होते, आमच्याला काही त्रास नाही.

खर्चाचं म्हणाल तर एका वरातीला पाखरी जे आणते, त्यात वर्षाची तपासणी होते आणि वर उरतात. जंताचं औषध, टॉनिक, वाढवलेला खुराक यावर मी त्या तीन महिन्यांत त्याहून जास्त घातले होते.

पहिल्या तपासणीनंतर दोन आठवडे पाखरीला लगाम घातला नाही. तीन लग्नं सोडली. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी गव्हाण साफ करायला गेलो तर बोळा नव्हता. खाली वाकून कोपऱ्यातही बघितलं. नव्हता. चैत्रापर्यंत बरगड्या झाकल्या. बायकोने विकायचा विषय काढला नाही. आईचं म्हणणं मात्र अजून तेच आहे की मीठ-मोहऱ्यांनी उतरलं, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही.

त्यानंतरची पहिली वरात परत उल्हासनगरलाच होती. बँड तोच, फटाके तेच, पुढे पुन्हा एक पोरगं बसवलेलं. मी लगाम सैल धरून चालत होतो आणि सारखा तिच्या तोंडाकडे बघत होतो. त्याच वळणावर मी थांबलो, ती पण थांबली. कान मागे-पुढे केले, फुरफुरली आणि चालायला लागली. मान झटकली नाही.

एक गोष्ट मात्र अजून आहे. मी तोंडाजवळ हात नेला की ती क्षणभर डोळा मिटते. आधी हे करत नव्हती. दाढेची धार कानशीने उतरली, हे उतरायला वेळ लागेल. रोज सकाळी गूळ तळहातावर ठेवून उभा राहतो. कालपासून डोळा उघडा ठेवून घेतेय.

तुमच्या गव्हाणीत उद्या सकाळी काय पडलंय ते बघा आणि मला कळवा.

राम राम.